‘समाधानकारक’ म्हणजे कोणाचे समाधान?

मराठी समीक्षेने कविता तपासली, कथा तपासली, दलित आत्मकथनांवर तर तिने वर्षानुवर्षे वाद घातले. परंतु या महाराष्ट्रात एक लेखनप्रकार असा आहे की जो पिढ्यान्‌पिढ्या अखंड लिहिला जातो, खेड्यापाड्यांतील प्रत्येक शाळेच्या कपाटात साठत राहतो, आणि ज्याच्याकडे कोणा समीक्षकाने वळून पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याचे नाव शेरेबुक. केंद्रप्रमुख येतात, शिक्षण विस्तार अधिकारी येतात, कधीमधी गटशिक्षणाधिकारी येतात. तास-दोन तास थांबतात. आणि जाताना त्या वहीत चार ओळी लिहून सही करतात. या चार ओळींचा सारांश वर जातो, वरच्याच्या अहवालात मिसळतो, तिथून आणखी वर जातो आणि शेवटी जिल्ह्याचा, राज्याचा आकडा होतो.

मी या लेखनप्रकारातला एक लेखक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य काढले. अखेरची सहा वर्षे केंद्रप्रमुख म्हणून इतरांच्या शाळा तपासल्या. आता निवृत्त होऊन तामलवाडीस राहतो. अलीकडे माझेच जुने शेरे पुन्हा वाचण्याचा योग आला. लाज वाटली. प्रस्तुत लेख हा त्या लाजेचा हिशेब आहे. आणि एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे. शाळेची तपासणी तपासनीस करतो. तपासनिसाची तपासणी कोण करतो?

१

प्रथम संहिता पाहू. माझ्याच हातचा एक शेरा असा आहे : “पट ६४. हजर ६१. वर्गसजावट व स्वच्छता ठीक. शैक्षणिक दर्जा समाधानकारक. अप्रगत मुलांकडे लक्ष पुरवावे. प्रयत्न वाढवावेत.” खाली सही, तारीख, शिक्का.

या शेऱ्यात कर्ता नाही. लक्ष कोणी पुरवावे, प्रयत्न कोणी वाढवावेत, याचे उत्तर वाक्यात कुठेच नाही. विध्यर्थाचे ते ‘वावे’ आणि ‘वावेत’ जबाबदारी हवेत सोडून देते. ‘अप्रगत मुले’ म्हणजे कोणती? त्यांची नावे नाहीत, वस्ती नाही, कारण नाही. आणि सगळ्यांत वजनदार शब्द म्हणजे ‘समाधानकारक’. व्याकरणाच्या दृष्टीने तो दर्जाचे विशेषण आहे. अर्थाच्या दृष्टीने तो माझ्या मनःस्थितीचे वर्णन आहे. समाधान झाले ते माझे. मुलांचे झाले का, मुलांच्या आईबापांचे झाले का, हे मी विचारले नव्हते. सहा वर्षांतले हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे शेरे सोडले, तर मी सर्वत्र समाधानी आहे. एवढा समाधानी माणूस मराठवाड्यात शोधून सापडणार नाही!

आमच्या आत्मकथनांनी शाळेला न्यायासनासमोर उभे केले. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही याच मराठवाडा-सोलापूर पट्ट्यातल्या माणसांची पुस्तके. त्यांत शाळा भेटते, भूक भेटते, मास्तर भेटतो. परंतु मास्तरच्या पाठीमागे उभा असलेला, त्याच्या वर्गात कोण आहे आणि कोण नाही हे पाहण्यासाठी सरकारचा पगार घेणारा तपासनीस मला आमच्या साहित्यात फारसा भेटला नाही. अन्याय करणारा दिसतो. अन्याय ‘समाधानकारक’ म्हणून नोंदवणारा दिसत नाही. तो सही करून पुढच्या गावाला निघून गेलेला असतो.

२

वरच्या शेऱ्याची हकिकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. कारण नाव सांगितले तर दोष तिथल्या शिक्षकांच्या माथी बसेल, आणि दोष माझा आहे.

डिसेंबर महिना होता. दसरा-दिवाळी आटोपली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा एक कोयता ठरलेला असतो. मागे म्हातारी माणसे राहतात आणि पोरे एक तर त्यांच्यापाशी, नाही तर फडावर. त्या शाळेच्या हजेरीपटावर एकसष्ट मुलांच्या नावापुढे हजेरी होती. मी पोचलो तेव्हा मधली सुटी होती, खिचडी वाढणे चालू होते. मी सवयीने ताटे मोजली. अडतीस भरली.

मी काहीच विचारले नाही. मुख्याध्यापकांनीही काही सांगितले नाही. दोघांनाही गणित ठाऊक होते. प्राथमिकला पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक, एकसष्टाव्या मुलाला तिसरा शिक्षक. खरे लिहिले तर ‘सतत गैरहजर’ म्हणून नावे कमी होणार. पट साठीच्या खाली आला की पुढच्या संचमान्यतेत तिसरे पद उडणार. तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जाणार. तो तरुण मास्तर जीव ओतून शिकवणारा होता. राहिलेल्या अडतीस मुलांचे भले व्हावे म्हणून मी तेवीस मुलांची खोटी हजेरी मान्य केली, असे मी मनाला समजावले. दुसरे कारण मनालाही सांगितले नाही : माझ्या केंद्राचा गैरहजेरीचा आकडा वाढला तर बैठकीत उभा मला केला असता.

एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या. मे महिन्यात मी त्याच शाळेत निकालाच्या कामासाठी बसलो होतो. एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी चौथीतली, थोरल्या भावाने तिचे प्रगतीपत्रक आईला वाचून दाखवले होते. प्रगतीपत्रकात महिनावार हजेरी असते. बाई भांडायला आली नव्हती. तिला खरोखरच समजून घ्यायचे होते. ती म्हणाली, “गुरुजी, पोरगी तर समदा हंगाम आमच्यासंगं फडावर हुती. मग साळंत तिच्या नावावर कोण बसलं हुतं?”

मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. काहीतरी बोललो असेन. पण त्या प्रश्नाने माझ्या सहा वर्षांच्या लेखनाची जी समीक्षा केली, तशी कोणत्याही वरिष्ठाने केली नाही. कारण त्या खोट्या हजेरीचा परिणाम हजेरीपटापुरता थांबत नाही. स्थलांतरित होणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह काढण्याची तरतूद आहे. दुसरीकडच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. पण ज्या मुलीची रोजची हजेरी लागली आहे ती कागदोपत्री गाव सोडून गेलेलीच नाही. जी गेली नाही तिला वसतिगृह कशाला आणि कार्ड कशाला? माझ्या ‘समाधानकारक’ने तिला शाळाबाह्य मुलांच्या यादीतूनसुद्धा बाहेर काढले. गावकुसाबाहेर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या होतोच. हे यादीबाहेरचे जिणे नवे आहे, आणि ते आमच्यातल्याच शिकलेल्या माणसाच्या पेनाने लिहिले गेले.

३

हा प्रश्न नवा आहे असे मानणाऱ्यांनी जोतीराव फुले यांचे १८८२ सालचे निवेदन काढून वाचावे. हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी ते सादर केले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची त्यातली मागणी आपण भाषणांतून नेहमी सांगतो. तपासणीविषयी त्यात जे आहे ते सहसा सांगत नाही.

जोतीरावांचे म्हणणे असे की शाळांवर देखरेख ठेवणारी यंत्रणाच सदोष आणि अपुरी आहे. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्याचा उपयोग नाही. तपासणी निदान तिमाहीला हवी. आणि शिवाय मध्येच, आधी कसलीही वर्दी न देता, शाळेला भेट दिली पाहिजे. गावच्या आणि तालुक्याच्या अंमलदारांवर भिस्त ठेवू नये. त्यांच्यामागे इतर कामे असतात आणि त्यांची परीक्षा वरवरची होते. निकालाप्रमाणे पैसे देण्याची जी पद्धत तेव्हा प्रतिष्ठित होती ती गरीब, शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजाला गैरलागू आहे, असेही त्यांनी स्वच्छ सांगितले. आणि महार-मांगांची मुले जातिद्वेषामुळे शाळांतून जवळजवळ वगळलीच जातात, हेही त्याच निवेदनात नोंदवले.

आता आमच्याकडची वार्षिक तपासणी पाहा. तारीख आधी कळते. आदल्या दिवशी अंगण सारवले जाते, तक्ते रंगतात, रांगोळी पडते, हुशार मुले पुढच्या ओळीत बसतात आणि पाठ केलेली उत्तरे देतात. जोतीरावांच्या ‘वर्दी न देता’ या तीन शब्दांची अंमलबजावणी दीडशे वर्षे होत आली तरी नीट झालेली नाही.

दुसरी साक्ष बाबासाहेबांची. मुंबई कायदेमंडळात १९२७ च्या मार्च महिन्यात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत बोलताना त्यांनी एक हिशेब मांडला : प्राथमिक शाळेत शंभर मुले शिरली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. या हिशेबाची पद्धत ध्यानात घ्यावी. खाते आपल्या अहवालात किती शाळा, किती मुले, किती खर्च असे ‘आहे’चे आकडे देत असे. बाबासाहेबांनी ‘नाही’चा आकडा काढला. जो वर्गात आहे त्याच्यावरून त्यांनी खात्याची परीक्षा केली नाही. जो गळाला त्याच्यावरून केली. माझ्या मते तपासनिसाच्या तपासणीचे सूत्र इथे आहे, आणि ते आपल्याच परंपरेतले आहे.

तामलवाडी तुळजापूर-सोलापूर रस्त्यावर आहे. १९४८ पर्यंत इथून जवळची हद्द ही दोन राजवटींची हद्द होती. पलीकडे मुंबई इलाखा. तिथे सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह निघाले. अलीकडे निजामाचे राज्य. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. हद्द पुसली गेली. परंतु वसतिगृह कोणत्या बाजूला आहे आणि मूल कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न ऊसतोड्यांच्या पोरांना आजही विचारावा लागतो.

४

कोणी म्हणेल, ही जुनी रडगाणी झाली. आता मोजणी शास्त्रीय झाली आहे. तेही तपासू.

२०११ साली ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेड जिल्ह्यात तो प्रयोग झाला होता. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. मोहिमेची सूत्रे महसूल खात्याकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे होती. पटावरची सुमारे वीस लाख मुले जागेवर सापडली नाहीत. बोगस पटावर तुकड्या, तुकड्यांवर शिक्षक, शिक्षकांवर अनुदान, असा तो मनोरा होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेले; कारवाईची भाषा वर्षानुवर्षे चालली.

मला त्यातली एकच गोष्ट विचारायची आहे. हे पट आकाशातून पडले नव्हते. प्रत्येक पटावर दरवर्षी कोणीतरी सही केली होती : केंद्रप्रमुखाने, विस्तार अधिकाऱ्याने, संचमान्यता देणाऱ्या कार्यालयाने. चर्चा झाली ती बोगस विद्यार्थ्यांची आणि बोगस शाळांची. बोगस तपासणीची झाली नाही. ज्या डोळ्यांनी ही मुले वर्षानुवर्षे ‘पाहिली’, त्या डोळ्यांची तपासणी कोणत्या डॉक्टरने केली? पुढे २०२५ साली नागपूर विभागात बोगस शिक्षकांच्या शालार्थ ओळखक्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले आणि शिक्षण उपसंचालक दर्जाच्या अधिकाऱ्यालाही अटक झाली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. परंतु तिथेही हात पोचला तो पोलिसांचा; खात्याची स्वतःची देखरेख त्याआधी कुठे होती?

आता देखरेख करणाऱ्यांनाही गुण मिळतात हे खरे आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने आधी राज्यांसाठी आणि मग जिल्ह्यांसाठी कामगिरी श्रेणी निर्देशांक सुरू केला. जिल्ह्यांचे पहिले अहवाल २०२२ साली आले : ८३ निकष, ६०० गुण, वरची श्रेणी ‘दक्ष’, खालची ‘आकांक्षी’. त्यात फलनिष्पत्तीला २९०, शासनप्रक्रियेला ८४ आणि मुलांच्या सुरक्षिततेला व संरक्षणाला ३५ गुण. शिवाय २०१८ पासून आमचा जिल्हा, तेव्हाचे उस्मानाबाद, नीती आयोगाच्या ११२ आकांक्षित जिल्ह्यांत. तिथल्या क्रमवारीत शिक्षणाला तीस टक्के वजन. जिल्ह्याला जबाबदार धरावे हा विचार चांगलाच आहे, त्याला माझा विरोध नाही.

पण या गुणांचा कच्चा माल येतो कोठून? बहुतेक माहिती शाळा स्वतः भरते, केंद्रप्रमुख तपासल्याचे नोंदवतो, गट ती पुढे पाठवतो. म्हणजे माझी चौसष्ट आणि एकसष्ट तिथे जाऊन बसते. फलनिष्पत्तीतले संपादणुकीचे गुण राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या चाचण्यांतून येतात. तो भाग बाहेरून होतो, म्हणून अधिक विश्वासार्ह. पण चाचणी देते कोण? त्या दिवशी वर्गात असलेले मूल. फडावरची मुलगी पटावर आहे म्हणून ती शाळाबाह्य नाही, आणि वर्गात नाही म्हणून ती चाचणीत नाही. दोन्ही मोजण्यांच्या फटीतून ती खाली पडते, आणि ती पडल्यामुळे जिल्ह्याची सरासरी बिघडत नाही. उलट सुधारण्याचाच संभव. ज्या मोजणीत सर्वांत दुर्बळ मूल गळाल्याने गुण वाढतात, ती मोजणी तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही.

५

हा रोग भारताचाच नाही. अमेरिकेत १९९१ च्या कायद्यानंतर ‘चार्टर’ शाळा निघाल्या. पैसा सरकारी, कारभार करारनाम्याने खाजगी मंडळाकडे. आणि तो करार देणारी, त्यावर नजर ठेवणारी एक वेगळी संस्था. ओहायो राज्यात या देखरेख संस्थेला ‘स्पॉन्सर’ म्हणतात, आणि शाळेला मिळणाऱ्या सरकारी पैशातून तीन टक्क्यांपर्यंत देखरेख-शुल्क घेण्याची तिला मुभा आहे. जितक्या शाळा चालू, तितके शुल्क चालू. मग शाळा बंद करा असे ती का म्हणेल? म्हणून ओहायोने देखरेख संस्थांचीच श्रेणी ठरवायला घेतली. २०१५ साली उघड झाले की श्रेणी ठरवताना खात्याच्या अधिकाऱ्याने ऑनलाइन चार्टर शाळांचे नापास गुण हिशेबातून वगळले होते. त्याला राजीनामा द्यावा लागला. मोजणी नव्याने झाली. २०१६ मध्ये ६५ संस्थांपैकी २१ निकृष्ट ठरल्या, ३९ परिणामशून्य, फक्त ५ परिणामकारक. उत्कृष्ट एकही नाही.

यातून दोन धडे. पहिला : नापासांना वगळून श्रेणी सुधारण्याची कला तुळजापूर तालुक्याची मक्तेदारी नाही. दुसरा : तिथे निकृष्ट ठरलेल्या संस्थेचा देखरेखीचा अधिकारच काढून घेता येतो. आमच्याकडे शाळेची मान्यता काढण्याची धमकी आहे, शिक्षकाला नोटीस आहे, पगार थांबवणे आहे. तपासण्याचा अधिकार गेला असा अधिकारी मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. बदली होते, एवढेच. तो दुसऱ्या तालुक्यात जाऊन समाधानी होतो.

आणि आम्हाला चार्टर शाळा परकी वाटण्याचे कारण नाही. आमच्या अनुदानित संस्था म्हणजे तिचे थोरले भावंड. पगार सरकारचा, संस्था पुढाऱ्याची, पाटी महापुरुषाच्या नावाची. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ निघाले, २००९ मध्ये ‘कायम’ शब्द गेला आणि अनुदानासाठी शाळांचे मूल्यांकन सुरू झाले. मूल्यांकनाच्या वाटेवर शिक्षकांची उमेद आणि उमर दोन्ही गेली. २०१३ मध्ये मुंबई महापालिकेने खाजगी भागीदारीचे धोरण घेतले; सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने दत्तक शाळा योजना आणली आणि त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे पत्रक निघाले. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना गरिबांच्या पंचवीस टक्के जागांतून सूट दिली. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रत्येक वेळी शाळा कोणाच्या हाती द्यायची यावर निर्णय झाला. देणाऱ्याची देखरेख कोण मोजणार, यावर झाला नाही.

६

मग उपाय काय? सोपे उत्तर असे : तपासनिसाला गावापुढे उभे करा. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेचे सामाजिक अंकेक्षण आणलेच होते. तसेच शाळेला लावा.

हे उत्तर मलाही आवडते. परंतु इथे जोतीराव आणि बाबासाहेब दोघेही माझी वाट अडवून उभे राहतात. स्थानिक मंडळांवर पाटील, इनामदार, सरदार बसतात, त्यांच्या हाती शिक्षणाचा पैसा देऊ नका, असे जोतीराव १८८२ मध्येच सांगून गेले. १९२८ साली सायमन कमिशनपुढील निवेदनात बाबासाहेबांनी प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांकडे सोपवणे थांबवावे, नाही तर अस्पृश्यांचे शिक्षण मागे पडेल, असा इशारा दिला. ‘गाव’ नावाची एकजिनसी वस्तू नाही हे त्यांना ठाऊक होते. ग्रामसभेत कोण बोलतो आणि कोण दाराशी उभा राहतो, हे आपणही जाणतो. शिवाय ग्रामसभेच्या दिवशी ऊसतोड्या फडावर असतो.

म्हणून वरच्या कागदाला जबाबदार असलेला तपासनीस मला नको आणि गावातल्या बळवंताला जबाबदार असलेलाही नको. ज्याचे मूल गळण्याच्या बेतात आहे त्या पालकाला तो जबाबदार असला पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा दिल्या आहेत. तरतूद आहे, तिला दात नाहीत. ते बसवायचे तर माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे चार गोष्टी कराव्यात.

एक, प्रत्येक शेरा आठवड्याच्या आत समितीपुढे मोठ्याने वाचावा आणि पालकांचा प्रतिशेरा त्याच पानावर, त्यांच्या बोलीत, लिहून घ्यावा. ‘समाधानकारक’ असे लिहिणाऱ्याने कोणाकोणाला विचारले त्यांची नावे लिहावीत.

दोन, अधिकाऱ्याची वार्षिक परीक्षा बाबासाहेबांच्या रीतीने व्हावी : त्याच्या केंद्रातून, गटातून गळालेल्या मुलांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे त्याने काय केले. किती शाळांना भेटी दिल्या हे विचारूच नये.

तीन, खरे लिहिणाऱ्याला शिक्षा होऊ नये. स्थलांतरित मूल स्थलांतरित म्हणून नोंदवले तरी त्याच्या मूळ शाळेतले शिक्षकाचे पद शाबूत राहावे. हे झाले नाही तर उद्याचा केंद्रप्रमुखही ताटे मोजून गप्प बसेल. आणि त्याला एकट्याला दोष देणे हे ढोंग ठरेल.

चार, खोटा पट सिद्ध झाला तर त्याखालच्या सर्व सह्यांची नावे प्रसिद्ध व्हावीत, आणि चौकशी खात्याबाहेरच्या यंत्रणेने करावी. कलम ३१ ने बालहक्क आयोगावर देखरेखीची जबाबदारी टाकली आहे; ती जिल्ह्यापर्यंत यावी.

कार्यकर्त्यांना एक विनंती. मोर्चात आपण शाळा वाचवा म्हणतो, ते रास्तच आहे. त्यासोबत माहिती अधिकारात आपापल्या गावच्या शेरेबुकाची नक्कल मागा आणि ती वस्तीत बसून वाचा. विद्यार्थ्यांनो, प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर हा पडून आहे. शिक्षकांनो, पुढचा तपासनीस येईल तेव्हा त्याला वर्गाआधी खिचडीच्या रांगेकडे न्या.

मी माझ्यापुरते एक काम हाती घेतले आहे. माझ्या सहीच्या शेऱ्यांच्या नकला मी मागवल्या आणि ज्यांची हजेरी मी खोटी मान्य केली त्या मुलांची, आठवतील तेवढी, नावे वहीत लिहितो आहे. त्यांतली काही आता स्वतःचा कोयता घेऊन जातात. त्या बाईची मुलगी कुठे आहे, मला माहीत नाही. तिच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आता देता येते. शाळेत तिच्या नावावर कोणीच बसले नव्हते, बाई. तिथे माझी सही बसली होती.